'तेच शैक्षणिक स्वातंत्र्य' म्हणे! आणि व्हिसा कोणाच्या हातात?

आज सकाळच्या पेपरात पानभर जाहिरात. आखातातल्या एका परदेशी विद्यापीठाच्या कॅम्पसची. काचेची इमारत, खजुराची झाडं, हसरी पोरं आणि खाली ठळक अक्षरांत: तीच पदवी, तेच प्राध्यापक, तेच शैक्षणिक स्वातंत्र्य. पहिल्या दोन गोष्टींवर माझं काही म्हणणं नाही. तिसरी वाचली आणि चहा कडू झाला.

या क्षेत्रात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. फाटकाच्या आत काय शिकवायचं, वाचनालयात कोणती पुस्तकं ठेवायची, हे विद्यापीठ करारात लिहून घेऊ शकतं. पण फाटकापर्यंत पोचायचं कुणी, हे त्या देशाचं सुरक्षा खातं ठरवतं. आणि तो अधिकार कुठलंही सरकार करारात सोडून देत नाही. मग 'तेच स्वातंत्र्य' कशाच्या जोरावर छापता?

न्यूयॉर्क विद्यापीठाचे प्राध्यापक अँड्र्यू रॉस घ्या. मार्च २०१५. स्वतःच्याच विद्यापीठाचा कॅम्पस ज्या अबू धाबीत आहे तिथे निघालेले. न्यूयॉर्कच्या विमानतळावर काउंटरवर त्यांना सांगितलं की तुम्हाला विमानात बसता येणार नाही, अमिरातीत तुम्हाला प्रवेश नाही. गुन्हा काय? ते तिथल्या बांधकाम मजुरांच्या हालांवर संशोधन करत होते, लिहीत होते. विद्यापीठाचं उत्तर काय, तर व्हिसा आणि इमिग्रेशन हा सरकारचा प्रांत, आमचा नाही. अहो, हेच तर आम्ही म्हणतोय! प्रांत तुमचा नाही, तर जाहिरात कसली करता?

२०१७ मध्ये तेच पुन्हा. पत्रकारिता विभागाचे मोहमद बाझी आणि मध्यपूर्वेचे अभ्यासक अरंग केशवर्झियान यांना तिथे शिकवायला जायची परवानगी मिळाली नाही. पत्रकारिता विभागाने मात्र ताठ कणा दाखवला, अबू धाबी कॅम्पसशी संबंध तोडायचा ठराव केला. एका विभागाला जे जमलं ते अख्ख्या विद्यापीठाला जमलं नाही, कारण तो कॅम्पस उभा करण्याचा आणि चालवण्याचा खर्च अबू धाबी सरकार करतं. ज्याचं घर, त्याचा दरवाजा.

आता रॉस ज्यावर लिहीत होते त्या मजुरांकडे येऊ. खरं दुखणं तिथे आहे आणि त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही.

अबू धाबीतल्या सादियात बेटावरच्या या कॅम्पससाठी सुरुवातीलाच 'श्रम मूल्यांचं निवेदन' जाहीर झालं होतं. वाचायला सुरेख. मजुराने भरतीसाठी भरलेले पैसे कंत्राटदार परत देईल, पासपोर्ट मजुराकडेच राहील, ओव्हरटाइम ऐच्छिक असेल, तक्रार केली म्हणून कुणाला त्रास होणार नाही. देखरेखीला मॉट मॅकडोनाल्ड ही नावाजलेली कंपनी. मे २०१४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या बातमीदारांनी मजुरांना प्रत्यक्ष गाठलं, तेव्हा जवळपास प्रत्येकाने सांगितलं की एजंटला पैसे भरूनच आलो, काहींनी वर्षभराच्या पगाराएवढे, आणि परत कुणी एक दमडी दिली नाही. अकरा-बारा तास काम. पासपोर्ट मालकाकडे. २०१३ मध्ये संपावर गेलेल्यांतल्या कित्येकांना पोलिसांनी उचलून मायदेशी धाडलं. त्या देशात संप बेकायदा, युनियनला परवानगीच नाही. मग 'तक्रारीबद्दल त्रास होणार नाही' हे वाक्य लिहिणाऱ्याने नेमकं काय डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं होतं?

नंतर नार्डेलो या कंपनीकडून चौकशी झाली, एप्रिल २०१५ मध्ये अहवाल आला. त्यात निघालं की सुमारे ३० हजार मजुरांपैकी १० हजारांना हे नियम लागूच नव्हते. एक तृतीयांश! कारण १० लाख डॉलरच्या आतल्या लहान कंत्राटांना गुपचूप सूट होती आणि ती कुठेच जाहीर केलेली नव्हती.

ही १० लाख डॉलरची रेघ कुणाच्या गळ्यावरून जाते ते बांधकामातल्या माणसाला लगेच कळेल. मोठा कंत्राटदार ढाचा उभा करतो. त्याची कंत्राटं मोठी, कागद चोख, तपासणीलाही तोच पुढे. पण फॉल्स सीलिंग, रंगकाम, वॉटरप्रूफिंग, एसीचे डक्ट, फरशीची पॉलिश, शेवटची साफसफाई, बागकाम ही कामं तुकड्या-तुकड्यांनी पोटकंत्राटदारांकडे जातात. लहान रक्कम, थोडे दिवस, आज या साइटवर तर उद्या त्या. सगळ्यात कमी पगार आणि सगळ्यात गर्दीच्या खोल्या नेमक्या याच मजुरांच्या वाट्याला. म्हणजे ज्याला नियमाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच वगळलं. कुणी म्हणेल, हा अनवधानाने राहिलेला दोष. असेलही. पण रकमेची रेघ आपोआप ओढली जात नाही, कुणीतरी बसून ती ओढतं.

आणि भरतीचे पैसे परत मिळत का नाहीत, तेही ऐका. खेड, मंडणगड, दापोलीकडच्या घरांना 'एजंट' म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. आपल्या सरकारच्या नियमाने परवानाधारक एजंटला मजुराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये आणि त्यावर जीएसटी एवढंच घेता येतं. पावतीही तेवढ्याचीच. वरचे पैसे गावातला मध्यस्थ रोख घेतो, त्याची ना पावती ना सही. तिकडे कंत्राटदार म्हणतो, पावती आणा, पैसे घेऊन जा. विषय संपला. 'आम्ही परतफेडीला तयार होतो, पण कागदोपत्री पुरावा नव्हता.' घेतलेलं कर्ज सावकाराचं, त्याला मात्र पावती लागत नाही. पहिल्या वर्षाचा पगार व्याजासकट तिकडे जातो. असा माणूस पासपोर्ट मागायला जाईल? संप करेल? त्या काचेच्या इमारतीतल्या प्रत्येक फरशीखाली कुणाचं तरी गहाण पडलेलं शेत आहे, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण फार नाही.

'मग करणार काय, ते देशच तसे आहेत.' हे उत्तर मी ऐकणार नाही, कारण करता येतं. शेजारच्याच कतारमध्ये २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या कामांवर आयोजक समितीने कंत्राटदारांकडून पावतीशिवाय परतफेड करवून घेतली. मजूर सांगेल त्यावर विश्वास ठेवून दरमहा पगारासोबत ठरावीक रक्कम. तिथल्या बाकी प्रकाराचं समर्थन करत नाही, तिथेही माणसं उन्हात मेली. पण ही एक गोष्ट झाली, कारण कुणीतरी ती करारात घातली. विद्यापीठालाही घालता येते. निविदेतच प्रत्येक मजुरामागे भरतीखर्चाची वेगळी ओळ ठेवायची आणि ती रक्कम बोलीबाहेर, म्हणजे सर्वांत कमी दर भरणारा तिथे काटछाट करू शकत नाही. नियम शेवटच्या पोटकंत्राटदारापर्यंत, रकमेची कुठलीही रेघ न ठेवता. पगार बँकेतून गेल्याची नोंद आल्याशिवाय कंत्राटदाराचं पुढचं बिल पास करायचं नाही. आणि मजुरांशी बोलायचं ते त्यांच्या राहण्याच्या कॅम्पात नाही, मुकादमासमोर तर नाहीच. सुट्टीवर गावी आलेल्याला त्याच्या घरी गाठायचं.

प्राध्यापकांचंही तसंच. पॅरिसच्या सोरबॉनचं अबू धाबीतलं विद्यापीठ २००६ पासूनचं. तिथे शिकवणारे अर्थतज्ज्ञ नासेर बिन घैथ यांना २०११ मध्ये पकडलं, मग माफी, २०१५ मध्ये पुन्हा पकडलं आणि २०१७ मध्ये १० वर्षांची शिक्षा. कशासाठी, तर ट्विट्स. इंग्लंडच्या डरहम विद्यापीठाचा पीएचडीचा विद्यार्थी मॅथ्यू हेजेस मे २०१८ मध्ये दुबई विमानतळावर अडकला. कित्येक महिने एकांत कोठडी, २१ नोव्हेंबरला हेरगिरीबद्दल जन्मठेप, २६ नोव्हेंबरला माफी. ब्रिटनने आरडाओरडा केला म्हणून पाच दिवसांत माफी. बिन घैथ अमिरातीचेच नागरिक, त्यांच्यासाठी कोण ओरडणार? सोरबॉन?

म्हणून करारातली ओळ अशी हवी: विद्यापीठाने नेमलेल्या कुणालाही व्हिसा वा सुरक्षा मंजुरी नाकारली, तर ते लेखी कळवायचं आणि असे किती नकार आले ते दरवर्षी जाहीर करायचं. कारण देऊ नका हवं तर, आकडा द्या. नोकरीचा करार मूळ विद्यापीठाशी, म्हणजे अटक झाली तरी पगार आणि वकील सुरू. आणि बाहेर पडायची वाट आधी. टेक्सास ए अँड एम या अमेरिकी विद्यापीठाने २००३ पासूनचं कतारचं कॅम्पस बंद करायचं फेब्रुवारी २०२४ मध्ये ठरवलं, मुदत ठेवली २०२८ पर्यंत. शिकत असलेल्या मुलांना वाऱ्यावर सोडता येत नाही, एवढा वेळ जातोच. त्या चार वर्षांचा पैसा आधी बाजूला ठेवलेला नसेल, तर 'आम्ही केव्हाही बाहेर पडू' ही धमकी पोकळ.

हे सगळं सामंजस्य करारात शोधू नका, तो फोटो काढण्यापुरता असतो, सहसा कुणावर बंधनकारक नसतो. मुख्य करार आणि त्याची परिशिष्टं मागा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या नावाचं कॅम्पस २०२१ पासून कतारच्या दोह्यात आहे. माझा आरोप काहीच नाही. पण अधिसभेत बसणाऱ्या मित्रांनो, त्या कराराचं परिशिष्ट तुमच्यापैकी किती जणांनी उघडून पाहिलंय? तिथल्या प्राध्यापकाने फेसबुकवर काही लिहिलं आणि अडचणीत आला, तर फोन कुणाला करायचा, हे लिहिलंय का?

बरं, मान्य. त्या कॅम्पसांमुळे घराबाहेर पडू न शकलेल्या कितीतरी मुली शिकल्या. अबू धाबीत गरीब देशांतल्या मुलांना भरघोस शिष्यवृत्त्या मिळतात. ती पोरं हुशार आहेत, त्यांच्यावर राग नाही. त्यांच्यातल्या काहींनीच मजुरांसाठी आवाज उठवला, प्रशासनाच्या आधी.

आणि हो, आपणही सोवळे नाही. मार्च २०२२ मध्ये केरळवर तीस वर्षं संशोधन केलेल्या फिलिप्पो ओसेलांना तिरुवनंतपुरमच्या विमानतळावरून परत पाठवलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये लंडनमध्ये शिकवणाऱ्या प्राध्यापक निताशा कौल यांना बंगळुरूहून, तेही कर्नाटक सरकारचं निमंत्रण हातात असताना. रॉसना निदान विमानात बसण्याआधी सांगितलं, यांना आपण उतरल्यावर सांगितलं. नवी मुंबईत परदेशी विद्यापीठं येऊ घातलीत. त्यांनी आपल्याला व्हिसा नकारांचा आकडा विचारला, तर रागवायचं नाही, द्यायचा. आणि त्यांच्या इमारती बांधायला येणाऱ्या बिहार-झारखंडच्या पोरांच्या मुकादमाने किती उचल कापली, हे त्यांनी विचारलं तर तेही सांगायचं.

'मग तेल का घेता त्यांच्याकडून?' अशी कमेंट तयार असेलच कुणाची तरी. तेलाच्या पिंपावर 'शैक्षणिक स्वातंत्र्य' छापलेलं नसतं. पोराला तिकडे पाठवणारे आईबाप असाल तर प्रवेशाच्या आधी तीनच गोष्टी ईमेलने विचारा, फोनवर नाही: गेल्या तीन वर्षांत किती प्राध्यापकांना व्हिसा नाकारला, विद्यार्थ्याला अटक झाली तर वकिलाचा खर्च कुणाचा, आणि कॅम्पस बंद झालं तर पदवी कुठून मिळणार. उत्तरात माहितीपत्रक आलं, तर फी भरायच्या आधी पुन्हा एकदा तेच ईमेल पाठवा.