झाकण काढलं की थांबतं!

रात्री दोन वाजून दहा मिनिटं. सुर्रर्र. सात-आठ सेकंद. मग गप्प. दोन पस्तीसला परत सुर्रर्र. तीनला परत. घरात कोणी उठलेलं नाही, कोणी फ्लश केलेला नाही, आणि संडासातली टाकी आपली आपण पाणी पितेय. सलग चार रात्री घड्याळाकडे बघत मी हे ऐकलंय, कारण आमच्या पलंगाची भिंत आणि त्या टाकीची भिंत एकच. नवऱ्याला पहिल्या रात्री हलवून उठवलं. ‘वरच्यांचं असेल गं’ म्हणाला आणि कूस बदलून घोरायला लागला. वरचे दोन महिन्यांपासून दुबईला आहेत!

दिवस मे महिन्याचे. आम्ही पुण्याच्या बाहेरच्या अंगाला राहतो, म्हणजे शहराला पाणी देणारं खडकवासला धरण आमच्यासाठी नुसती फिरायला जायची जागा. नळाला येतं ते टँकरचं आणि बोअरचं. मेंटेनन्सच्या बिलात टँकरचा आकडा वेगळा छापून येतो आणि तो बघून दर महिन्याला पोटात गोळा येतो. सोसायटीच्या ग्रुपवर रोज सकाळी ‘दाढी करताना नळ बंद ठेवा’ असली पोस्टर्स. परवा तर कोणाच्या तरी मावशींनी जिना धुताना दोन बादल्या जास्त वापरल्या म्हणून पंचेचाळीस मेसेज पडले. आणि इथे माझ्या घरात, माझ्याच पैशाचं पाणी, चोवीस तास, गुपचूप कमोडात.

तर प्लंबर. तीन दिवस ‘आलोच मॅडम, बाजूच्याच बिल्डिंगमध्ये आहे’. त्या बाजूच्या बिल्डिंगमध्ये बहुतेक धरण बांधायचं काम चालू असावं. चौथ्या दिवशी आला. दारातच पहिला प्रश्न, ‘साहेब आहेत का?’ साहेब ऑफिसात आहेत, आणि असते तरी त्यांना टाकीचं तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते सांगता आलं नसतं. ‘मला सांगा,’ म्हटलं. त्याने झाकण उचललं, आत बघितलं, मोजून दहा सेकंद. ‘बॉल कॉक गेलाय.’ म्हणजे टाकी भरणारा, तरंगत्या गोळ्यावर बंद होणारा नळ.

‘कशावरून?’

‘पंधरा वर्षं हेच करतोय मॅडम.’

हे उत्तर आहे का? पंधरा वर्षं मीही चहा करतेय, तरी साखर घातली की नाही ते चाखून बघते ना!

साडेसहाशे रुपये घेतले. नवा बॉल कॉक बसवला, जुना स्वतःच्या पिशवीत टाकला. ‘याचं काय करणार तुम्ही?’ म्हणे. जाता जाता झाकण ठेवून वरचं बटण दोनदा गर्रकन फिरवलं. ‘ढिला होता, टाइट करून दिलाय.’ मी वर थँक्यूही म्हणाले.

त्या रात्री सुर्रर्र दर पंधरा मिनिटांनी. आधी पंचवीस मिनिटं तरी झोप लागायची.

मग मात्र माझी सटकली. रात्री दोन वाजता फोनवर ह्या टाकीचं शरीरशास्त्र वाचत बसले आणि वाचता वाचता तो प्लंबर मला जास्तच आवडेनासा झाला. अहो, टाकीतून कमोडात पाणी जायला वाटा दोनच. एक, बॉल कॉक वेळेवर बंद होत नाही, पाणी चढत चढत मधल्या उभ्या ओव्हरफ्लो पाइपच्या तोंडापर्यंत येतं आणि त्यातून खाली पडतं. दोन, तळाच्या व्हॉल्व्हचं रबर नीट बसत नाही आणि पाणी खालून झिरपतं. पातळी उतरली की बॉल कॉक बिचारा इमानदारीत परत भरतो. तोच सुर्रर्र. माझ्या टाकीतलं पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या चांगलं दोन बोटं खाली उभं होतं. म्हणजे बॉल कॉकचा काडीचा संबंध नव्हता. हे कळायला पंधरा वर्षं लागत नाहीत, दोन बोटं लागतात.

खात्री करायला आईंची नीळ घेतली. आई म्हणजे सासूबाई. त्या अजून पांढऱ्या कपड्यांना नीळ घालतात आणि आम्ही त्यांना हसतो, ते आता बंद. टाकीत थोडी नीळ ओतली, अर्धा तास कोणी आत जायचं नाही असा हुकूम काढला. अर्ध्या तासाने कमोडात मागच्या बाजूने निळी रेघ. बारीक, पण सरळ, जशी शाळेच्या वहीत समासाची. मग पाणी बंद करून मोजायचं ठरवलं. तर टाकीखालचा अँगल कॉक, म्हणजे टाकीचं पाणी बंद करायचा छोटा नळ, फिरेना! फिरवला तेव्हा पूर्ण बंद होईना. कधी कोणी हातच लावलेला नाही, क्षाराने दगड झालाय. शेवटी बाथरूमचा मेन कॉक बंद केला, आत पाण्याच्या रेषेवर पेन्सिलने खूण केली, झाकण बाजूला ठेवलं आणि पट्टी घेऊन बसले. अर्ध्या तासात दीड सेंटिमीटर उतरलं. टाकी आतून साधारण छत्तीस बाय चौदा, म्हणजे पाऊण लिटर. तासाला दीड, दिवसाला ३६ लिटर. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर पाणी धरतात, त्यातला चौथा हिस्सा आमच्याकडे न दिसणारा पाहुणा पीत होता. महिन्याला हजार लिटरच्या वर!

आता खरा संताप सुरू होतो, कारण मी रबर आणायला गेले.

पहिलं दुकान, काचेचं, एसीवालं. ‘वॉशर सुटं येत नाही मॅडम. पूर्ण फ्लश सेट घ्यावा लागेल, अकराशे पन्नास.’ दुसरं दुकान: ‘हे मॉडेल बंद झालं. नवी टाकीच बसवून घ्या ना, किती वर्षं झाली?’ सात. सात वर्षं झाली! आमचं लग्न तेवीस वर्षांचं आहे, तेही असंच बदलून टाकू का? तिसऱ्याने तर फोटोच बघितला नाही, आधी विचारलं, ‘प्लंबर कुठाय तुमचा?’ तळहाताएवढी रबराची चकती हो! टाकीचा सगळा भार तिच्यावर, आणि तीच विकायला कोणाला नको. अकराशेचा सेट विकता येतो तेव्हा चाळीस रुपयांचं रबर ठेवणार कोण?

आई म्हणाल्या, ‘भुसावळला रेल्वेच्या क्वार्टरमध्ये आमच्याकडे साखळीची होती. बिडाची, वर उंचावर. एक दिवस गळली नाही.’ मला वाटलं, झालं आमच्या वेळचं पुराण सुरू. पण आईंचं बरोबर निघालं. त्या जुन्या साखळीच्या टाकीत तळाला रबर नसतंच. आत एक जड घंटा असते, साखळी ओढून सोडली की पाणी एका उंच तोंडावरून ढकललं जातं आणि मग वक्रनलिकेच्या तत्त्वाने सगळं खेचलं जातं. साखळी ओढली नाही तर पाण्याला चढ चढून जायला कारणच नाही. ब्रिटनमध्ये तर २००१ उजाडेपर्यंत घरगुती फ्लशला ही पद्धतच सक्तीची होती, का तर तळाचे व्हॉल्व्ह कधीतरी गळतातच. म्हणजे मधली पन्नास वर्षं आपण प्रगती करून साखळीवरून दोन बटणांवर आलो: छोटं दाबा तीन लिटर, मोठं दाबा सहा लिटर, पाणी वाचवा. आणि वाचवलेलं सगळं रात्री सुर्रर्र.

शेवटी शनिवारी पुण्यातली हार्डवेअरवाल्यांची बोहरी आळी गाठली. आधी घरी पाणी बंद करून तो तळाचा व्हॉल्व्ह पाव फेरा फिरवून उपटला होता (हे इतकं सोपं आहे हे कळल्यावर मला साडेसहाशे दुसऱ्यांदा आठवले), रबर काढून रुमालात बांधून नेलं. एका अरुंद दुकानात म्हाताऱ्या काकांनी ते रबर हातात घेतलं, अंगठ्याने दाबलं, उजेडाकडे धरलं. ‘टाकीत पांढऱ्या गोळ्या टाकता का, क्लोरीनच्या?’ टाकते. शेजारणीनेच सांगितलेलं, कमोड चकाचक राहतो म्हणून. ‘त्याने रबर कडक होतं. नका टाकू.’ मागे हात घालून डबा काढला, तीन चकत्या लावून बघितल्या, चौथी बसली. चाळीस रुपये. अख्ख्या प्रकरणात रबराला हात लावणारा हा पहिला माणूस. मला त्यांच्या पायाच पडावंसं वाटलं.

घरी येऊन बघते तर नुसतं रबर बदलून भागणार नव्हतं. ज्या कडेवर ते टेकतं तिथे पांढऱ्या क्षाराचा थर, बोट फिरवलं तर खरखरीत, वाळूच्या कागदासारखा. बोअरच्या पाण्याची कृपा. गरम पाण्यात लिंबूसत्व कालवून फडका भिजवून तिथे दाबून ठेवला, तासाभराने जुन्या टूथब्रशने घासलं. प्लॅस्टिक आहे, सुरी-बिरी घालायची नाही, ओरखडा पडला की तिथूनच गळणार. व्हॉल्व्ह परत बसवला, टाकी भरली, पेन्सिलची खूण, अर्धा तास. पाणी जागच्या जागी! मी नवऱ्याला ओढत आणून खूण दाखवली. ‘छान,’ म्हणाला. नुसतं छान.

झाकण ठेवलं. झोपलो.

एक वाजून पाच. सुर्रर्र.

मी अंधारात उठून बसले आणि अक्षरशः रडू आलं. सकाळी झाकण काढून बघितलं, एक थेंब हलत नाही. झाकण ठेवून चहा ठेवायला गेले, सुर्रर्र. परत काढलं, शांत. पाहुण्यांसमोर शहाण्यासारखं वागणारं कार्टं असतं ना, तसं. असा खेळ चार वेळा झाला. पाचव्यांदा फोनचा टॉर्च लावून, झाकण अर्धवट उचलून, फटीतून बघितलं. बटणाखाली दोन प्लॅस्टिकच्या काड्या असतात, आट्यांच्या. बटण दाबलं की त्या खालच्या व्हॉल्व्हला दाबतात. बटण आणि व्हॉल्व्हमध्ये जरा मोकळी जागा हवी. माझ्याकडे नव्हती. पंधरा वर्षंवाल्याने जे बटण ‘टाइट करून’ दिलं होतं त्याने काड्या खाली उतरल्या होत्या, आणि झाकण ठेवलं की आपोआप व्हॉल्व्हवर टेकायच्या. म्हणजे माझ्या घरात कोणीतरी चोवीस तास फ्लशचं बटण हलकेच दाबून धरलं होतं! आणि बघायला येणारा प्रत्येक माणूस सगळ्यात आधी काय करतो? झाकण काढतो.

काड्या तीन-तीन फेरे वर घेतल्या. झाकण ठेवलं. बटण बोटाने हलवून बघितलं, जरासं मोकळं लागतंय. रात्रभर आवाज नाही. नीळ टाकून परत बघितलं, कमोड पांढरा.

आता एकच काम राहिलंय. माझा जुना बॉल कॉक. त्याला काहीही झालेलं नव्हतं, सात वर्षं एकदाही ओव्हरफ्लो झाला नव्हता, आणि तो आता बहुतेक कोणाच्या तरी टाकीत साडेसहाशे रुपयांना ‘नवा’ म्हणून बसला असेल. मी फोन करून शांतपणे सांगितलं, दादा, माझा पार्ट मला परत हवाय. ‘हो मॅडम, उद्या आणून देतो, बाजूच्याच बिल्डिंगमध्ये आहे.’

आज अकरावा दिवस.