गुरांनी तो मेसेज वाचलेला नाही

चवथीच्या आठवडाभर आधी गोव्यातल्या डिचोलीच्या मामाने घरच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला: ‘बाईकवाल्यांनो, जनावर आडवं आलं तर’. दिवसभरात तोच मजकूर मला आणखी तीन ग्रुपवर दिसला. थोडक्यात असा. जनावर दिसलं की हॉर्न दाबून धरा, ते आपोआप हटतं. पुढच्या ब्रेकला हात लावू नका, गाडी उलटते. थांबत नसेल तर हँडल वळवून जनावराच्या पुढून निसटा. कुत्रा मागे लागला तर लाथ उगारा आणि रेस पिळा. रात्री अप्पर लाइट थेट डोळ्यांवर मारा, जनावर दिपून जागीच थांबतं. आणि वेग कमी करू नका, मागची गाडी ठोकेल.

मी गेली वीस-बावीस वर्षं डिचोलीहून पणजीला दुचाकीने ये-जा करतोय. आतापर्यंत तीनदा पडलो. त्यातल्या दोन वेळा मी जे केलं होतं, ते या मेसेजात ‘जीव वाचवणारं सूत्र’ म्हणून दिलंय.

सगळ्यात घातक सल्ला पुढच्या ब्रेकचा, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं. पुढचं चाक रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं. म्हणजे पकड असते ती पुढे. कोरड्या रस्त्यावर गाडी थांबवण्याचं दोन-तृतीयांशाहून जास्त काम पुढचा ब्रेक करतो. तो सोडून नुसता मागचा कचकन दाबला की हलकं झालेलं चाक लॉक होतं आणि गाडीचं ढुंगण बाजूला सरकतं. आकड्यांत सांगतो. ताशी ४० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ११ मीटर. जनावर दिसून ब्रेकवर हात जाईपर्यंत एक सेकंद धरला, तर दोन्ही ब्रेक नीट वापरून गाडी साधारण २० मीटरांत थांबते. फक्त मागच्यावर २७-२८ मीटर लागतात. त्या सात-आठ मीटरांत तीन गायी एकामागे एक उभ्या राहतात.

गाडी उलटते ही भीती मात्र अगदी निराधार नाही. घाबरून लिव्हर एकदम मुठीत आवळली की पुढचं चाक लॉक होऊ शकतं. ओल्या रस्त्यावर किंवा हँडल वळलेलं असताना असं झालं तर गाडी क्षणात आडवी. पण त्यावर उपाय ब्रेक न मारणं हा नाही. लिव्हर दोन टप्प्यांत दाबायची: आधी हलकी, पुढचं सस्पेन्शन बसल्याचं जाणवलं की मग घट्ट. हँडल सरळ, नजर दूर. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस, म्हणजे चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचं आहे. ते असेल तर लिव्हर दाबूनच ठेवा. हाताला थरथर जाणवते तो बिघाड नव्हे. आपल्याकडच्या बहुतेक स्कूटर १२५ सीसीच्या आतल्या. त्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे डावी लिव्हर दाबली की पुढचा ब्रेकही थोडा लागतो. थोडाच. उजवा हात लागतोच. रिकाम्या मैदानात दहा वेळा करून बघा. पहिल्या जनावरासमोर शिकायची ही गोष्ट नव्हे.

आता ‘पुढून निसटा’. हे लिहिणाऱ्याने गुरं कधी राखलेली नसावीत. गाय रस्ता ओलांडते ती पुढे जायला, आणि आपण पुढूनच घुसायचं? ती जिथे पोचणार तिथेच आपणही पोचतो. वेग पुरता मोडून, जागा असेल तर शेपटीकडून जावं हे बरं, पण तेही डोळे मिटून नाही. कुत्रा अर्ध्यातून माघारी वळतो. गाय पार झाली तरी वासरू अलीकडेच असतं आणि आईमागे धावत सुटतं. एक दिसलं की दुसरं आहेच असं धरून चालावं, मग ती गाय असो, म्हैस असो की रानडुक्कर.

शिवाय वळणार कुठे? टायरची पकड एकच असते. ती ब्रेकला वापरली की वळायला उरत नाही, वळायला वापरली की ब्रेकला उरत नाही. अस्नोड्याजवळ पावसात एका कुत्र्याला चुकवायला मी ब्रेक दाबलेला असतानाच हँडल मारलं, कडेच्या लाल मातीवर गेलो आणि तिथून थेट गडग्यात. खांद्याजवळचं हाड मोडलं. कुत्रा उभा राहून बघत होता. आणि जिथे गुरं बसतात तिथे शेण असतं, हे तर सांगायलाच नको. ओलं शेण आणि तिरकी झालेली स्कूटर यांचं पटत नाही.

मुंगूस, साप, कोंबडी असं काही बारीक असेल तर कडू वाटलं तरी सरळच राहायचं. हँडल घट्ट, जमेल तेवढा ब्रेक, आणि धडक अटळच असेल तर ऐन वेळी ब्रेक सोडायचा, म्हणजे पुढचं सस्पेन्शन दबलेलं राहत नाही. मोटरसायकलवर फूटरेस्टवर किंचित उठलं तर आणखी बरं. स्कूटरच्या दहा-बारा इंची चाकांना हे तितकंसं झेपत नाही, म्हणून तिथे मुळात वेगच कमी हवा.

हॉर्नबद्दल फार लिहीत नाही. जून ते ऑक्टोबर सरदाचं, म्हणजे पावसाळी भाताचं पीक शेतात उभं असतं, त्यामुळे गुरांना शेतातून हाकलतात. ती डांबरावर येतात, कारण डांबर कोरडं, थोडं ऊबदार आणि माशाही कमी. रोज शेकडो हॉर्न ऐकून बसलेली ती गाय तुमच्या हॉर्नला काय धूप घालणार? जे जनावर बिचकतं ते नेमकं कुठल्या बाजूला उडी मारेल, हे त्यालाही ठाऊक नसतं. म्हापशाच्या स्टँडवरचा एक जुना पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सीवाला, मला म्हणाला होता, “गोरवांक घाय ना, घाय तुका.” गुरांना घाई नाही, घाई तुला. पिवळ्या मडगार्डच्या त्या गाडीवर मागे बसून मी कितीदा गेलोय. गुरं दिसली की तो माणूस रेस सोडून फक्त लिव्हरवर बोटं ठेवायचा. हॉर्न क्वचितच.

कुत्रा मागे लागला तर त्याचा हिशेब बिघडवायचा. तो तुमच्या चालू वेगावरून गाठायची जागा ठरवून धावतो. म्हणून आधी थोडा वेग कमी करायचा, तो जवळ आला की सरळ रेषेत पुढे निघून जायचं. पाय फूटरेस्टवरच. लाथ उगारली की तुम्ही एका पायावर गाडी सांभाळताय आणि कुत्र्याला चावायला पोटरी मिळते. ओरखडा जरी निघाला तरी साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला असला तरी यात हयगय नको.

रात्रीच्या लाइटचं सूत्र अर्धं खरं आहे आणि म्हणूनच वाईट. दिपलेलं जनावर थांबतं हे खरं, पण थांबतं ते तुमच्याच वाटेवर. मोकळ्या अंधाऱ्या रस्त्यावर लांबचं दिसावं म्हणून अप्पर ठेवा, जनावर दिसलं की डिपर करा आणि ब्रेक. डोळे चमकताना बघायची सवय लावून घेऊ नका. बसलेल्या म्हशीचं तोंड पलीकडे असेल तर चमकायला काहीच नसतं. डिपरवर तिचा काळा देह तीस-चाळीस मीटरांत आल्यावर दिसतो. ताशी ६० वर थांबायला ३६-३७ मीटर लागतात, तेही कोरड्या रस्त्यावर. ४० वाला जिथे थांबलेला असतो, त्या जागी ६० वाला अजून ताशी ५५च्या वेगात असतो.

आणि गवा. राज्यप्राणी, पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत. सत्तरी तालुक्यात, मोल्याकडे अनमोड घाटाच्या वाटेवर, चोर्ल्याला त्याची गाठ पडू शकते. काजूच्या हंगामात बोंडूंसाठी तो बागायतीपर्यंत खाली येतो. अंधारात आधी दिसतात ते त्याचे पांढरे पाय, मोजे घातल्यासारखे. वरचा देह रात्रीत मिसळलेला असतो. इथे मेसेजातलं प्रत्येक सूत्र उलटं करा. लांबच थांबा, हॉर्न नाही, लाइटची उघडझाप नाही, इंजिन चालू ठेवा. तो आडवा उभा राहून फुरफुरला तर तो इशारा आहे. हळूच मागे वळा. फोटो काढायला पुढे सरकणारे पर्यटक काळ्या पाटीच्या भाड्याच्या स्कूटरवर मी पाहिलेत. त्यांचं दैव बरं, एवढंच म्हणतो.

मागची गाडी ठोकेल ही भीती खरी आहे. म्हणूनच गुरं लांबून दिसताच रेस सोडा, ब्रेक हलका दोन-तीनदा दाबून मागचा लाल दिवा चमकवा, डावा हात खाली हलवून दाखवा. मागचा सावध होतो. वेग न मोडता गायीत घुसलात तर मागचा मग तुमच्यावरच येतो.

हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तासाभराने मामाचा प्रश्न आला, “म्हणजे हॉर्न वाजवायचाच नाही?” आंधळ्या वळणावर वाजव, मामा. एकदाच.