तेल तिळाचं असलं तरी लायसन्स लागतं

गेल्या आठवड्यात क्वीन्सहून मामेबहिणीचा फोन. "दादा, पैसे भरू का? आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे." कसले पैसे, तर मंडळाच्या ग्रुपवर फिरणाऱ्या एका मेसेजमधल्या कोर्सचे. नाताळात पुण्याला जायचं, सात दिवसांत 'अभ्यंग थेरपिस्ट' व्हायचं, सर्टिफिकेट घेऊन परत यायचं आणि घरच्या घरी तासाला शंभर डॉलर मिळवायचे. हे खरं आहे का, असं तिनं विचारलंच नाही. पुढच्या चार दिवसांत तोच मेसेज मला आणखी तिघांनी पाठवला, म्हणून आता एकदाच लिहून टाकतो.

मेसेजातलं सगळ्यात अजब वाक्य हे: "अभ्यंग म्हणजे मसाज नव्हे, तो आयुर्वेद आहे, त्यामुळे मसाजचं लायसन्स लागत नाही." बहीण राहते न्यूयॉर्क राज्यात, तेव्हा तिथलाच कायदा बघू. तो राज्याच्या शिक्षण कायद्यात आहे, कलम 7801. त्यात मसाज म्हणजे काय ते क्रियापदांनी सांगितलंय: अंगावरून हात फिरवणं, मळणं, थोपटणं, कंप देणं, आणि हे सगळं स्नायू नि रक्ताभिसरण सुधारण्यासाठी. आता अभ्यंगात यातलं काय करत नाहीत ते मला कुणीतरी सांगावं. तेल तिळाचं की नारळाचं, कोमट की गार, याच्याशी त्या कलमाला काही देणंघेणं नाही. पाटीवर 'मसाज' न लिहिता 'स्नेहन' लिहिलं म्हणूनही सुटका नाही, कारण तिथे नुसतं नाव नव्हे, ते काम करणंच लायसन्सधारकासाठी राखीव आहे.

आणि विनालायसन्स केलं तर? त्याच कायद्याचं कलम 6512: 'ई' वर्गातली फेलनी, म्हणजे गंभीर फौजदारी गुन्हा. दंडाची पावती फाडून घरी येण्याचा हा प्रकार नाही. या वर्गाच्या गुन्ह्याला चार वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. सात दिवसांच्या कोर्सवाल्यांनी हे कुठल्या दिवशी शिकवायचं ठरवलंय, देव जाणे.

मेसेजातल्या त्या वाक्यात अर्धं सत्य आहे, ते नाइलाजानं मान्य करतो. आयुर्वेदाचं म्हणून वेगळं लायसन्स अमेरिकेतलं कुठलंच राज्य देत नाही, हे खरं. पण मेसेजवाला त्यातून काढतो काय, तर 'म्हणजे सगळं मोकळं!' अहो, उलट आहे. तुमच्या विद्येला लायसन्सच नसेल, तर दुसऱ्याच्या लायसन्सखाली येणारं काम तुम्हाला तिच्या नावावर करता येत नाही.

मेसेजातला पुढचा दावा: "कॅलिफोर्नियात तर लायसन्स ऐच्छिक आहे." बरोबर, राज्याचं सर्टिफिकेट तिथे ऐच्छिकच आहे. पण शहरं आणि काउंट्या ते सक्तीचं करू शकतात, आणि ते मिळवायलाही 500 तासांचं शिक्षण लागतं. शिवाय क्वीन्स कॅलिफोर्नियात कधीपासून आलं?

"एका राज्यात काढलं की पन्नास राज्यांत चालतं." नाही. ड्रायव्हिंग लायसन्स चालतं, त्यावरून ही समजूत झाली असावी. मसाजचं लायसन्स ज्या त्या राज्याचं. टेक्सास, फ्लोरिडात 500 तास, न्यूयॉर्कात 1000. ओहायोत तर ते डॉक्टरांना लायसन्स देणारं मेडिकल बोर्डच देतं. राज्याराज्यांत आपसात करार करायचं चाललंय, त्यातही किमान 625 तासांची अट आहे. सात दिवस रोज आठ तास धरले तरी होतात छप्पन्न. न्यूयॉर्कच्या हजार तासांत शरीररचना, रोगशास्त्र, संसर्ग कसा टाळायचा हे तर येतंच, शिवाय पाश्चात्त्य आणि पौर्वात्य दोन्ही मसाज येतात. म्हणजे 'त्यांना आपली विद्या कळत नाही' हेही रडगाणं नको.

सगळ्यात राग आला तो शेवटच्या ओळीचा. "एच-4 वर असाल तरी चालेल, कॅश घ्या, घरातलं काम हे काम धरत नाहीत." धरतात! स्वतःचा धंदा हेही कामच, आणि एच-4 वर, म्हणजे एच-1बीवाल्या नोकरदाराच्या जोडीदाराच्या व्हिसावर, त्यासाठी ईएडी, म्हणजे कामाच्या परवानगीचं कार्ड, लागतं. 2015 पासून ते काही जणींना मिळतं, ढोबळमानानं नवऱ्याची आय-140, म्हणजे ग्रीन कार्डासाठी कंपनीनं केलेली याचिका, मंजूर झालेली असेल तर. बहिणीच्या नवऱ्याची अजून दाखलही झालेली नाही. तासाच्या शंभर डॉलरपायी उद्या ग्रीन कार्डाच्या फायलीत 'परवानगीशिवाय काम' असं लागलं, तर ते निस्तरायला हा मेसेजवाला येणार आहे का?

कमाईच्या आकड्यांवर मी बोलत नाही. ज्यांना लायसन्स आहे, त्यांनी बोलावं.

बहिणीला एवढंच सांगितलं, की त्या कोर्सवाल्यांना विचार, तुमच्याकडे शिकून न्यूयॉर्कात लायसन्स मिळालेल्या एका तरी बाईचं नाव द्या. राज्याच्या वेबसाइटवर लायसन्सधारकांची नावं कुणालाही शोधता येतात, दोन मिनिटांचं काम. तिनं विचारलं. निळ्या टिका लगेच आल्या. उत्तर दुसऱ्या दिवशी आलं: "मॅडम, सीट फुल झाल्या."