आर्चिबाल्ड, पण कितवा?

एडिंबरा किल्ला बघायचं ठरलं तेव्हा हिने बजावलं, "तिथे गाइडच्या मागे धावायचं नाही. आधी वाचून ठेवा." वाचलं. तेव्हापासून झोप नाही.

स्कॉटलंडच्या डग्लस या सरदार घराण्यात १३५८ ते १४५५ पर्यंत नऊ अर्ल (म्हणजे वंशपरंपरेने मिळणाऱ्या पदवीचे सरदार) झाले आणि नावं तीनच. विल्यम तीन, जेम्स तीन, आर्चिबाल्ड तीन. बारशाला नाव सुचवणारी आत्याच त्या घरात नसावी.

तीनही आर्चिबाल्ड तरी सलग आहेत म्हणून वंशवृक्ष काढायला वही उघडली, तर दुसरा अर्ल जेम्स १३८८ मध्ये ऑटरबर्नची लढाई जिंकता जिंकता मेला. औरस मुलगा नाही. मग तिसरा कोण? पहिल्याचा अनौरस चुलतभाऊ! माझा बाण खाली उतरायचा तो पुन्हा वर गेला. चौथ्याचं टोपणनावच 'हरणारा'. १४०२ मध्ये त्याने होमिल्डन हिलवर लढाई आणि एक डोळा गमावला, पुढच्या वर्षी ज्या पर्सी या इंग्रज सरदारांनी पकडलं त्यांच्याच बाजूने लढून पुन्हा हरला. मला त्याच्याबद्दल आपुलकी वाटायला लागली.

सहावा विल्यम पोरसवदा. १४४० मध्ये याच किल्ल्यात जेवायला बोलावून भावासकट मुंडकं उडवलं. आणि सातवा? त्याचा चुलत आजोबा! इथे माझी पेन्सिल तुटली. आठव्याला अभयपत्र देऊन बोलावलं आणि १४५२ मध्ये स्टर्लिंगला राजाने स्वतः भोसकलं. नववा त्याचा भाऊ.

"आठव्याच्या बायकोचं काय झालं?" ही पोळ्या लाटता लाटता म्हणाली.

"मार्गारेट? तिने नवव्याशी लग्न केलं. ती सहाव्याची बहीण."

"म्हणजे दिराशी. आणि माहेर-सासर एकच आडनाव. एवढं सरळ असताना आकडे कशाला?"

बरोबरच होतं. ते अर्ल स्वतःला कुठे सहावा-सातवा म्हणवत होते? आकडे मागाहून आलेल्यांनी लावले.

मग मी 'मार' नावाच्या दुसऱ्या स्कॉटिश अर्ल घराण्याकडे वळलो. ती चूक होती. १८७५ मध्ये ब्रिटिश संसदेच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनी ठरवलं की ही पदवी १५६५ची, १८८५ मध्ये कायदा करून त्याआधीची जुनीही मान्य केली. परिणाम असा की परवापरवापर्यंत एकीकडे जुन्या पदवीची एकतिसावी काउंटेस (स्त्री अर्ल) ऑफ मार, दुसरीकडे चौदावा अर्ल ऑफ मार.

"दोन चुली झाल्या म्हणायच्या," ही म्हणाली. "आणि जुन्या घरात मुलगीही वारस होते?"

"होते."

"त्यांचा किल्ला कुठला?"

"किल्ड्रमी. पण पडका आहे."

"असू दे. आधी तो बघू."