आज्याची बंदूक, शंभराचा स्टँप आणि भिंतीवरचा खिळा

दसरा जवळ आला की कोल्हापूर जिल्ह्यातल्या मोबाइलांवर एक मेसेज फिरू लागतो. शब्द थोडे इकडेतिकडे होतात, मजकूर हाच:

"भावांनो, घरात आज्याची बंदूक असंल तर घाबरायचं कारण न्हाई. वारसाला परवाना लागत न्हाई, शेतीसारखीच ती वारसानं येती. भावाला, मेव्हण्याला द्यायची तर शंभराच्या स्टँपवर लिहून द्या, झालं काम. जुनी बंद पडलेली ठासणीची बंदूक तर कायद्यात येतच न्हाई. बंदूक भरून, सेफ्टी लावून हाताशी ठेवा, चोर काय सांगून येतोय व्हय? आन् खंडेनवमीला एक बार काढला तर कोण इचारत न्हाई."

चोर सांगून येत नाही, एवढं सोडलं तर यातलं काहीच खरं नाही. बंदूक ही घराची वस्तू आहे, असं मेसेज लिहिणारा धरून चालला आहे आणि सगळी गफलत तिथूनच सुरू होते. कायद्याच्या लेखी बंदूक घराची नसते. परवान्यावर ज्याचं नाव आणि फोटो आहे, त्या एका माणसापुरतीच ती असते.

"वारसाला परवाना लागत न्हाई"

सातबाऱ्यावर वारसाची नोंद होईपर्यंत मुलगा शेत कसत राहिला तर कोणी त्याला आत टाकत नाही. बंदुकीचं तसं नाही. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ३ प्रमाणे अग्निशस्त्र बाळगायला परवाना लागतो आणि परवानाधारक गेला की त्याचा परवाना मुलाकडे आपोआप येत नाही. कलम २१ सांगतं, की शस्त्र कायदेशीरपणे बाळगण्याचा हक्क संपला की विनाकारण उशीर न करता ते जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा करायचं. "तेरावं होऊ दे", "वर्षश्राद्ध झाल्यावर बघू" असं म्हणत बंदूक कपाटात राहिली, तर ती विनापरवाना बाळगणं ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याची शिक्षा दोन ते पाच वर्षं कैद आणि दंड अशी आहे.

जमा करायला जाताना बंदूक, शिल्लक काडतुसं आणि मूळ परवाना तिन्ही न्या. काडतुसं घरी विसरणारे बरेच असतात, आणि चार काडतुसंही विनापरवाना बाळगता येत नाहीत. पोहोच घेताना त्यावर बंदूक कोणत्या कंपनीची, बोअर (नळीचं माप), शस्त्राचा क्रमांक आणि काडतुसांची संख्या आहे का ते तिथंच वाचा. नुसती "एक बंदूक जमा" असली पावती दोन वर्षांनी बंदूक परत घेताना कुचकामी ठरते. एवढं झालं की वारसाने स्वतःच्या नावाने परवान्यासाठी अर्ज करायचा. त्यासोबत मृत्यूचा दाखला, वारस असल्याचा पुरावा आणि इतर वारसांची हरकत नसल्याची प्रतिज्ञापत्रं लागतात. कोल्हापुरात पोलिस आयुक्तालय नाही, त्यामुळे परवाना देणारा अधिकारी जिल्हाधिकारीच आणि अर्जावर अहवाल पोलिसांचा. वारसाला परवाना नकोच असेल, तर जमा ठेवलेलं शस्त्र परवानाधारक माणसाला किंवा विक्रेत्याला विकता येतं. तेही मुदतीत करायचं, नाहीतर ते सरकारजमा होऊ शकतं.

मेसेजवाल्याला ठाऊक नसलेली एक सोय कायद्यात आहे. आजोबा हयात असतानाच हे काम उरकता येतं. शस्त्र नियम २०१६ मधल्या नियम २५ प्रमाणे परवानाधारकाचं वय सत्तर झालं किंवा शस्त्र त्याच्याकडे पंचवीस वर्षं राहिलं, यातलं जे आधी होईल तेव्हा तो वारस सुचवू शकतो आणि त्या वारसाला परवाना मिळू शकतो. आजोबा स्वतः कागदावर सही करतात, तिथं भाऊबंदकीला फारशी जागा उरत नाही.

वाड्यात तीन बंदुका असतील तर आणखी एक पेच आहे. २०१९ पर्यंत एका माणसाला तीन अग्निशस्त्रं ठेवता येत होती, आता दोनच, आणि त्यात वारशाने आलेलं शस्त्रही धरलं जातं. तिसरं जमा करायला एक वर्ष दिलं होतं, ते डिसेंबर २०२० मध्ये संपलं.

"स्टँपवर लिहून द्या, झालं काम"

स्टँप शंभराचा असो की पाचशेचा, त्याने बंदूक कोणाच्या नावावर होत नाही. उलट बेकायदा व्यवहाराचा पुरावा आपणच सही करून ठेवल्यासारखं होतं.

हस्तांतर म्हणजे फक्त विक्री, असाही समज आहे. कायद्याच्या व्याख्येत भाड्याने देणं, उसनी देणं, भेट देणं आणि ताबा सोडणं हे सगळंच हस्तांतरात येतं. "आठ दिवस मळ्यावर राखणीला घेऊन जा" म्हणून चुलतभावाच्या हातात बंदूक दिली, की तेही हस्तांतर. त्याच्याकडे परवाना नसेल तर तो विनापरवाना बाळगणारा, आणि देणाराही सुटत नाही. हक्क नसलेल्याला शस्त्र देणं हा कलम २९ खाली वेगळा गुन्हा आहे, वर परवाना रद्द होण्याची पाळी. एक सवलत आहे, पण ती अरुंद आहे. दुरुस्तीसाठी, परवान्याच्या नूतनीकरणासाठी किंवा परवानाधारकाने स्वतः वापरावी म्हणून त्याच्या समक्ष किंवा त्याच्या लेखी अधिकारपत्रावर दुसरा माणूस बंदूक वाहून नेऊ शकतो. म्हणजे फक्त वाहून नेऊ शकतो. राखणीला बसून बार काढणं त्यात बसत नाही.

खरी वाट कलम ५ मध्ये दिली आहे. आधी घेणाऱ्याकडे त्या प्रकारच्या शस्त्राचा परवाना हवा आणि त्यावर जागा रिकामी हवी. मग विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना (म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांनाच) किंवा जवळच्या पोलिस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला लेखी कळवायचं: कोणतं शस्त्र, किती काडतुसं, कोणाला, त्याचं नाव-पत्ता काय. कळवल्यापासून किमान ४५ दिवस जाऊ द्यायचे. या दिवसांत बंदूक विकणाऱ्याच्याच कुलपात राहते. पैसे पोहोचले म्हणून ती आधी द्यायची नाही, आणि बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं. मुदत संपली की ताबा द्यायचा आणि दोन्ही परवान्यांवर नोंद करून घ्यायची: एकावरून क्रमांक कमी, दुसऱ्यावर चढलेला. नोंद करताना क्रमांक नळीवरचा आणि बॉडीवरचा, दोन्ही ठिकाणचा ताडून पाहा. जुन्या डबलबारात, म्हणजे दुनळी बंदुकीत, कधीकाळी नळ्या बदललेल्या असतात आणि परवान्यावर भलताच आकडा निघतो. तो घोळ व्यवहाराच्या आधी निस्तरलेला बरा.

"ठासणीची बंदूक कायद्यात येतच न्हाई"

येते. ठासणीची म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक. कलम ४५ ची सूट फक्त अशा जुनाट किंवा मोडक्या शस्त्राला आहे, जे दुरुस्ती करून किंवा न करता, कोणत्याही रीतीने अग्निशस्त्र म्हणून वापरता येणार नाही. 'दुरुस्ती करून' या शब्दांनीच मेसेजची हवा निघते. घोडा तुटलाय, निप्पल (घोडा जिच्यावर आपटतो ती मागची बारीक नळी) बुजलंय, दस्ता फुटलाय ही सगळी तासाभराची कामं. ती केली की बार निघणार असेल, तर ती बंदूक आजही बंदूकच.

कायद्यापेक्षा मोठी भीती वेगळीच आहे. आड्याला टांगलेल्या ठासणीच्या बंदुकीत कित्येकदा जुना बार तसाच ठासलेला असतो. काळी दारू कोरडी राहिली तर अनेक दशकांनीही पेटते. तपासणी सोपी आहे. बंदुकीचं तोंड निर्धोक दिशेला धरा आणि लाकडी गज नळीत हलकेच, न आपटता सोडा. नळीच्या तोंडाशी गजावर बोटाने खूण धरा. गज बाहेर काढून नळीला बाहेरून लावा. तळ निप्पलपर्यंत पोहोचत असेल तर नळी रिकामी. तीन-चार बोटं अलीकडेच थांबत असेल तर आत काहीतरी आहे. ते ठासलेला बार असेल किंवा कुंभारमाशीचं मातीचं घरटं असेल. दोन्हींवर घरी स्क्रू किंवा तार चालवायची नाही. पोलिस ठाण्याला कळवा, बार काढण्याचं काम जाणकार बंदूक-कारागिराचं.

पीक राखण्यासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मिळण्याची तरतूद कायद्यात आहे. राधानगरी, आजरा, चंदगड, गगनबावडा भागात गव्या-डुकरांनी ऊस-भात तुडवलेला पाहिला की ती का आहे ते कळतं. पण तो परवाना शस्त्र बाळगण्याचा आहे, शिकारीचा नाही. गवा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. नुकसानभरपाईचा अर्ज वन खात्याकडे जातो, तो बंदुकीने भरता येत नाही.

"भरून, सेफ्टी लावून हाताशी ठेवा"

मेसेजमधलं सगळ्यात घातक वाक्य हेच.

सेफ्टी म्हणजे कुलूप नव्हे. बहुतेक साध्या बारा बोअर डबलबारांत सेफ्टी फक्त चाप अडवते. आतला घोडा ताणलेलाच राहतो, आणि ज्या खाचेने तो अडकलेला असतो ती झिजलेली असेल तर दस्ता आपटल्यावर तो सुटू शकतो. बाहेर घोडे असलेल्या काही जुन्या बंदुकांत खाली टेकलेला घोडा थेट काडतूस फोडणाऱ्या पिनवर बसतो. खिळ्यावरून पडली, घोड्यावर मार बसला, की बार. पिस्तुलात लोक मॅगझिन काढतात आणि रिकामं झालं म्हणतात, पण एक गोळी चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या घरात, राहिलेली असते. आधी मॅगझिन काढायचं, मग स्लाइड मागे ओढून चेंबर डोळ्यांनी पाहायचं आणि करंगळीने चाचपायचं. हा क्रम उलटा झाला तर मॅगझिनमधली पुढची गोळी चेंबरमध्ये चढते.

तेजस्विनी सावंत, राही सरनोबत, स्वप्नील कुसाळे यांच्यामुळे या जिल्ह्यातल्या पोरांना नेमबाजीची रेंज आता नवीन नाही. तिथं नेम धरत नसाल तेव्हा चेंबरमधून एक रंगीत दोरी बाहेर दिसावी लागते. रायफल रिकामी आहे हे लांबूनही कळावं, म्हणून. घरी कोणी पंच नसतो, म्हणून कुलूप लागतं.

ते कुलूप कसं हवं? गोदरेजचं कपड्यांचं कपाट चालत नाही, कारण त्याची किल्ली देवघरात, फणीच्या डब्यात नाहीतर दाराआड असते आणि सातवीतल्या पोराला ती जागा आपल्याआधी माहीत असते. जाड पत्र्याची उभी पेटी घ्या, आणि ती भिंतीत व जमिनीत आतून एक्स्पान्शन बोल्टने आवळा. नाहीतर चोर पेटीसकटच उचलून नेईल. डबलबाराची पुढची लाकडी मूठ निघते, नळ्या आणि दस्ता वेगळे होतात. नळ्या पेटीत, मूठ दुसऱ्या कुलपात, काडतुसं तिसऱ्या. किल्ली किंवा आकडा फक्त परवानाधारकाकडे. बायकोला सांगितला तर काय बिघडलं, असा प्रश्न येतोच. उत्तर तेच: परवान्यावर एकच नाव आहे. परवान्याच्या अर्जासोबत सुरक्षित वापर आणि साठवणुकीचं हमीपत्र आपण सही करून दिलेलं असतं, ते याचसाठी. चापावर बसणारं कुलूप वापरत असाल तर भरलेल्या बंदुकीवर ते कधीच बसवू नका. बसवतानाच चाप दबू शकतो.

"मग चोर आल्यावर काय?" झोपेतून उठलेला माणूस, अंधार, भरलेली बंदूक, आणि दारात उभा असलेला पाणी प्यायला उठलेला मुलगा. हे चित्र डोळ्यांसमोर आणलं की उत्तर मिळतं. आणि घरात कोणी खचलेलं असेल, कर्जाने, आजाराने, दारूने, तर तेवढ्या काळापुरती बंदूक घरातच नको. पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे पोहोच घेऊन जमा करता येते. कुलपाची किल्ली त्या माणसाच्याच कमरेला असेल, तर कुलूप कामाचं नाही.

आता आपल्या पावसाचं. जून ते सप्टेंबर हवेत इतका दमटपणा असतो की लोखंड नुसतं पडून राहिलं तरी गंजतं. चामडी किंवा फोमच्या खोळीत बंदूक कायमची ठेवू नका. खोळ ओल धरते आणि नळीला चिकटून बसते, चार महिन्यांनी उघडाल तर नळीवर खड्डे दिसतील. नळीत कोरडा बोळा फिरवा, मग तेलाचा, मग पुन्हा कोरडा. तेलाचा पातळ थर राहिला की पुरे. जादा तेल दस्त्याच्या लाकडात मुरतं, म्हणून पेटीत बंदूक तोंड खाली करून उभी ठेवतात. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी बघा. रंग बदलला की वाळवून परत वापरायच्या. काडतुसांना तेलाचा हात लावायचा नाही. तेल काडतुसाच्या बुडाच्या टोपीत (ठिणगी देणाऱ्या भागात) झिरपलं की ऐनवेळी काडतूस फुसकं निघतं. कागदी नळीची जुनी काडतुसं ओलीने फुगतात, चेंबरमध्ये अडकतात. ती घासून बसवू नका, जमा करा.

काडतूस घेताना चेंबरची लांबी पाहा. जुन्या इंग्लिश बंदुकांचं चेंबर कित्येकदा ६५ मिमीचं असतं. ७० मिमीचं काडतूस त्यात बसतं, पण फुटल्यावर त्याच्या तोंडाची घडी उलगडायला जागा राहत नाही आणि दाब वाढतो. २० बोअरचं काडतूस (आकडा मोठा, पण जाडी कमी) बारा बोअरच्या डब्यात मिसळलं तर ते नळीत पुढं घसरून अडकतं. वरून बाराचं भरलं, की नळी फाटते. चाप ओढूनही बार झाला नाही तर तोंड तसंच निर्धोक दिशेला धरून निदान तीस सेकंद थांबा. काडतूस उशिराही फुटतं.

"खंडेनवमीला एक बार"

विचारतात, आणि चांगलं विचारतात. आनंदाप्रीत्यर्थ किंवा बेफिकिरीने गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला तर कलम २५ च्या पोटकलम ९ खाली दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. वरात, मिरवणूक, वाढदिवस सगळं त्यात आलं.

पूजा खुशाल करा. बंदूक पूजेच्या पाटावर ठेवण्याआधी उघडून दोन्ही चेंबर दुसऱ्या एका माणसाला दाखवा. पाटावरही ती उघडीच राहू द्या. काडतुसं पूजेला आणायची नाहीत, ती त्यांच्या कुलपातच. नारळ दुसरीकडे वाढवा. हळदीकुंकू, अक्षता, पाण्याचा हात लागलेलं लोखंड त्याच संध्याकाळी पुसून तेलाचा बोळा फिरवायचा. कुंकवाची पूड घोड्याच्या फटीत गेली असेल तर मऊ ब्रशने काढा, फुंकर मारू नका, तोंडाची वाफही ओलच.