पिनेचं थोतांड आणि भट्टीचं खरं

“ऑफिसातल्या बारीकसारीक वस्तूंचं रिसायकलिंग म्हणजे थोतांड. पिन लागलेली रद्दी कागदाची मिल घेत नाही. पिना-क्लिपा भट्टीवाले घेत नाहीत. पेनांचं तर काहीच होत नाही. शेवटी सगळं एकाच ढिगात जातं.” हा मेसेज कोल्हापुरातल्या आमच्या उद्यमनगरच्या ग्रुपवर चौथ्यांदा आला, खाली अंगठ्यांची रांग. मी फौंड्रीच्या, म्हणजे लोखंड वितळवून ओतायच्या कारखान्याच्या, ऑफिसात हिशेब लिहितो. माझ्या एका हाताला स्टेपलरच्या पिनांची डबी, दुसऱ्या हाताला भट्टी. तेव्हा बोलतोच.

पिनेच्या भीतीनं आमच्याकडच्या नव्या मुलीनं दोन दिवस जुन्या चलनांच्या पिना नखांनी उपटल्या. बोटं दुखवून घेतली, गरज काहीच नव्हती. मिलमध्ये रद्दी आधी पाण्याच्या मोठ्या हौदात घुसळतात. कागदाचा लगदा होतो, पिना जड म्हणून खाली जातात. राहिल्या तर पुढच्या जाळ्यांत आणि लगदा गरगर फिरवणाऱ्या यंत्रांत वेगळ्या होतात. कागदाचे खरे वैरी दुसरेच आहेत. चहाच्या कागदी कपाला आतून प्लॅस्टिकचा पातळ थर असतो, तो साध्या मिलमध्ये लगद्यापासून नीट सुटत नाही. बिलाच्या मशीनचा गुळगुळीत कागद, ज्यावर नख ओढलं की काळी रेघ उमटते, त्यावर रसायनाचा लेप असतो. तोही रद्दीत नको. आणि श्रेडर, कागदाच्या चिंध्या करणारं मशीन! कागदाची ताकद त्याच्या लांब तंतूंत असते, श्रेडर तेच तोडतो. साहेबांना गुपितं फार, म्हणून आमच्याकडे जेवणाच्या डब्याचं बिलसुद्धा श्रेडरमध्ये जातं.

आता भट्टी. शिरोली, गोकुळ शिरगावच्या फौंड्र्यांत पिग आयर्नबरोबर, म्हणजे कच्च्या लोखंडाबरोबर, भंगार वितळवूनच कास्टिंग ओततात. लेथखाली पडणारा बिडाचा चुरा, ज्याला भंगारवाले बोरिंग म्हणतात, तो पिनेपेक्षा बारीक. तरी कुणी उकिरड्यावर टाकत नाही, किलोवर विकतात. म्हणजे अडचण वस्तू बारीक असण्याची नाही, ती मूठभर असण्याची आहे. दहा नंबरच्या हजार पिना साधारण ३० ग्रॅम भरतात. किलोभर व्हायला तेहतीस हजार लागतील, तोवर मी रिटायर होईन.

म्हणून पिनांची बाटली घेऊन थेट भट्टीवर जाऊ नका. फर्नेसवाला हाकलून देईल आणि त्याचं बरोबरच आहे. बंद डबीत ओल असली तर वितळलेल्या लोखंडात तिची क्षणात वाफ होते आणि धातू उसळतो. शिवाय पिनेवर बहुधा जस्ताचा मुलामा असतो. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे लोखंड वितळायच्या आधीच त्याचा पांढरा धूर होतो. चार पिनांनी काही बिघडत नाही, पण नुसत्या पिनांचं पोतं नको. आम्ही पिना, क्लिपा, फायलींच्या पट्ट्या, मोडलेलं पंचिंग मशीन असं सगळं एका उघड्या डब्यात ठेवतो आणि बाकीच्या लोखंडाबरोबर भंगारवाल्याला देतो. मुठीची पोती करायचं काम त्याचं. घड्याळाचे आणि माऊसचे सेल मात्र त्या डब्यात टाकायचे नाहीत; २०२२ च्या बॅटरी नियमांप्रमाणे ते वेगळे जमा करायचे असतात.

“सगळं एकाच ढिगात जातं” हे महापालिकेच्या कचरागाडीत, टिपरमध्ये, टाकलेल्याबद्दल म्हणत असाल तर कसबा बावड्याचा झूम प्रकल्प, म्हणजे शहराचा कचरा जातो ती जागा, कोल्हापूरकरांनी पाहिला आहे, मी वाद घालणार नाही. पण रद्दी आणि लोखंड त्या वाटेनं जातच नाही. त्याला गिऱ्हाईक आहे, ते दारात येऊन पैसे देऊन नेतं. उरलेला चहा रद्दीच्या पोत्यात ओतला की मग मात्र ते पोतं कुणी उचलत नाही, आणि ढिगाची वाट आपणच दाखवलेली असते.

पेनांचा मुद्दा मुद्दाम मागं ठेवला, कारण तो जवळजवळ खरा आहे. एका साध्या बॉलपेनात दोन-तीन जातींचं प्लॅस्टिक, धातूचं टोक, त्यात टंगस्टन कार्बाइडची गोळी आणि वर चिकट शाई. हे सुटं करायला लागणारी मजुरी मालाच्या किमतीहून जास्त. जुन्या पेनाचं नवं पेन होतं असं सांगणाऱ्यावर माझाही विश्वास नाही. परवा ऑफिसातले ड्रॉवर रिकामे केले तर बेचाळीस पेनं निघाली. अकरा नुसतीच कोरडी पडली होती, कागदावर गिरवल्यावर चालली. चौदांत नवी रिफिल बसली. बाकीची सतरा युज अँड थ्रो, त्यांचं तोंडच उघडत नाही. ती अजून माझ्या टेबलावर पडून आहेत. महिनाअखेरीच्या स्टेशनरीच्या यादीत ‘पेनं, एक डझन’ असं होतं, ते खोडून मी ‘रिफिली’ लिहिलं. साहेबांनी सही केली, माझ्याच पेनानं, आणि पेन खिशात घालून गेले.