पेपर बघून पाखरू सापडत नाही

आमच्या घरात सध्या कुत्र्यावरून वाद पेटलाय. माझा मावसभाऊ, म्हणजे दादा, कित्येक वर्षं लॅब, म्हणजे लॅब्रॅडॉर, पाळतो, सगळे केसीआयच्या, म्हणजे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या, पेपरवाले, बापाकडून इम्पोर्टेड लाईन वगैरे. त्याच्या ओळखीतल्या एका पोराने लॅब आणि कॉकर स्पॅनियलचा क्रॉस घेतला आणि म्हणाला की याला मी गनडॉगसारखं, बंदुकीने पाडलेलं पाखरू शोधून आणायला शिकवणार. झालं, दादा सुरू. क्रॉस म्हणजे धड हे ना ते, मेहनत सगळी पाण्यात, आणि वर म्हणे इंग्लंडमधे असली भेसळ कोणी दारात उभी करत नाही, विचारा आमच्या भावाला!

आता मला मधे घेतलंच आहे तर सांगतो. करतात उभी. मी यॉर्कशायरमधे राहतो, फेझंट या पाखराच्या शिकारीचा सीझन सुरू झाला की शनिवारी शूटवर पिकिंग-अपला, म्हणजे पडलेली पाखरं कुत्र्याकडून गोळा करायला जातो, आणि बीटर्सच्या, म्हणजे पाखरं हाकून उठवणाऱ्यांच्या, ट्रेलरमधे पायापाशी जी कुत्री कोंबलेली असतात त्यात स्प्रॉकर (स्प्रिंगर आणि कॉकर या दोन स्पॅनियलांचा क्रॉस) असतात, स्प्रिंगाडॉर (स्प्रिंगर आणि लॅबचा) असतात, एखादं असं असतं की मालकालाही आजोबा कोण ते नक्की माहीत नसतं. कीपर, म्हणजे शूटची पाखरं सांभाळणारा माणूस, विचारतो ते एवढंच, की शिट्टीला थांबते का, ड्राइव्ह, म्हणजे हाका, चालू असताना ओरडते का, तोंड मऊ आहे का. पेपर मागितलेला मी तरी ऐकला नाही.

आणि ज्या शुद्ध रक्ताच्या नावाने दादा एवढा भांडतो ते आलं कुठून? गोल्डन रिट्रीव्हर घ्या. पुढे लॉर्ड ट्वीडमाउथ झालेल्या गृहस्थाने १८६८ साली स्कॉटलंडमधल्या आपल्या इस्टेटीवर नूस नावाचा पिवळा रिट्रीव्हर आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनियल यांचा जोड लावला, तिथून ही लाईन सुरू झाली, नंतर त्यात लाल सेटर घातला, काळे रिट्रीव्हर घातले. म्हणजे चक्क क्रॉस! ब्रीडची नोंद ठेवणारा इथला केनेल क्लब स्थापन झाला १८७३ मधे, कुत्री त्याच्या आधीच कामाला लागली होती. लॅब म्हणजे मूळची न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांची पाणकुत्री, त्यांना वेगळं ब्रीड म्हणून मान्यता मिळाली १९०३ ला. आणि स्प्रिंगर आणि कॉकर तर एकेकाळी एकाच वेतातून निघायचे, जड भरला तो स्प्रिंगर, हलका तो कॉकर. कामाला जे लागलं ते माणसांनी मिसळलं, वही नंतर आली.

माझी झिपरी स्प्रिंगाडॉर आहे. बाप काळा लॅब, आई तांबडी-पांढरी स्प्रिंगर, दोघंही एकाच शूटवर काम करणारी, दोघांनाही मी पिल्लू घेण्याआधी कामावर बघितलं होतं. हा मुद्दा दादाच्या डोक्यात शिरतच नाही. पेपर सांगतो बाप कोण, तो बाप थंडगार पाण्यात उतरतो का हे फार तर लाल शाईतल्या नावांवरून थोडंफार कळतं, लाल नावं चॅम्पियनांची असतात, आणि त्यातही बघायची ती फील्ड ट्रायलवाल्यांची, म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या स्पर्धा जिंकलेल्यांची, शोवाल्यांची नाही. शो लाईनचा जाडजूड लॅब, मग पेडिग्री कितीही लांब असो, दुपारपर्यंत बीटच्या कडेला जीभ काढून बसतो हे मी डोळ्यांनी बघितलंय. गेल्या सीझनला एक जखमी कॉक फेझंट नाल्यापलीकडे ब्रॅम्बलमधे घुसला, चांगल्या घराण्यातला एक लॅब काठापर्यंत जाऊन दोनदा परत आला, मग झिपरीला सोडलं. स्पॅनियलचं रक्त म्हणून काट्यात डोकं घालायला ती मागेपुढे बघत नाही आणि लॅबचं म्हणून पाण्याला भीत नाही, तिने ते पाखरू जिवंत माझ्या हातात आणून दिलं, एक बरगडी मोडलेली नव्हती. यालाच मऊ तोंड म्हणतात आणि ते कुठल्या सर्टिफिकेटवर छापून येत नाही.

आता कोणताही क्रॉस चालतो असंही मी म्हणत नाहीये. स्प्रिंगरचं काम बंदुकीच्या टप्प्यात नागमोडी धावून पाखरू उठवायचं, लॅबचं काम पेगपाशी, म्हणजे बंदूकवाल्याच्या ठरलेल्या जागेपाशी, गप्प बसून पडलेलं पाखरू नजरेत धरायचं. पिल्लात दोन्ही येतं आणि कशात किती येईल याची खात्री नाही, बसायच्या वेळी धावणारं आणि धावायच्या वेळी बसणारंही निघू शकतं. दोन क्रॉस एकमेकांना लावले तर पुढच्या वेतात फरक आणखी वाढतो. शुद्ध ब्रीडचा खरा फायदा हाच, अंदाज बांधता येतो. फील्ड ट्रायल खेळायची असेल तर तिथे क्रॉसला प्रवेशच नाही, मग नोंदणीवालंच घ्यावं. आणि क्रॉस म्हणजे आपोआप निरोगी हे तर साफ खोटं. डोळ्यांच्या पडद्याचा एक आनुवंशिक आजार लॅबमधेही आहे आणि कॉकरमधेही आहे, आईबापाची टेस्ट नाही केली तर क्रॉस पिल्लू आंधळं होऊ शकतं. पण हे सगळं आईबाप बघून ठरवायचं. इथली गाइड डॉग्ज संस्था, जिथे आंधळ्या माणसाचा जीव कुत्र्यावर सोपवलेला असतो, ती लॅब आणि गोल्डनचे क्रॉस मुद्दाम काढते, त्यांना रक्ताचं कळत नाही का?

दादाचा पुढचा मुद्दा मुधोळचा. बघ, मुधोळ शुद्ध ठेवला म्हणून टिकला. अरे पण मुधोळ नजरेने शिकार करतो, धावून गाठतो आणि पकडतो, त्याचा मला अभिमानच आहे. गनडॉगचं काम उलटं, पाखरू नाकापुढून उडालं तरी जागेवर बसायचं. या दोघांचा क्रॉस काढलात तर मी पण नको म्हणेन. पण लॅब-कॉकर वेगळी गोष्ट आहे, दोन्हीकडे कित्येक पिढ्या पाखरू शोधण्या-आणण्याचंच काम. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातल्या १९९१ च्या दुरुस्तीने शिकार बंद झाली, झाली ते उत्तमच झालं, पण त्यामुळे गनडॉग काम करताना प्रत्यक्ष बघितलेली माणसं उरली नाहीत, उरले फक्त पेपर आणि शो. न बघितलेल्या गोष्टीवर एवढ्या ठामपणे बोलणं मला इथे राहून आता सहन होत नाही. इथला कीपर दहा मिनिटं कुत्रं बघतो आणि मग तोंड उघडतो.

पण एवढा राग कुत्र्यामुळे आलेला नाही हे मला कळतंय. माझं लग्न ठरलं तेव्हा याच घरात रक्त, घराणं, पुढची पिढी कशी निघेल, हे सगळं बोललं गेलं होतं. बायको दुसऱ्या जातीची. दादा तेव्हा गप्प बसला होता, आणि ते गप्प बसणं मला जास्त लागलं. आज माझ्या मुलीचे सगळ्यात जास्त लाड तोच करतो, व्हिडिओ कॉलवर तिच्याशी तासतास बोलतो. पण क्रॉस धड हे ना ते हे वाक्य तो फोनवर बोलला तेव्हा मुलगी शेजारच्या खोलीत होती आणि मी उठून दार लावलं.

इथे माझं आडनाव ऐकून कुणाला काहीच कळत नाही. पहिली काही वर्षं मला त्याचं फार सुख होतं, पाठीवरचं ओझं उतरल्यासारखं. ट्रेलरमधे मी म्हणजे झिपरीवाला, बास. आता मात्र कधी कधी वाटतं की कुणीतरी आडनाव ऐकून विचारावं, म्हणजे तुम्ही अमक्या गावचे का, आमची एक आत्या दिलीय तिथे. आणि असं विचारणारी माणसं दादासारखीच असतात.